अपिलाची मुदत आणि भागधारकाचा हिशेब

एखाद्या बलाढ्य कंपनीविरुद्ध मक्तेदारीचा खटला उभा राहिला, की मथळ्यांत दंडाचा आकडा झळकतो आणि चर्चा तेथेच थांबते. हा दंड भरणारे भागधारक म्हणजे परदेशातले कोणी धनिक असावेत, त्यांच्या नफ्यातोट्याशी आपला काय संबंध, अशीच सर्वसाधारण समजूत असते. वीस वर्षांपूर्वी ती बऱ्याच अंशी खरीही होती. आज ती तशी राहिलेली नाही. बिबवेवाडीतील एखाद्या सहकारी गृहरचना संस्थेत राहणारा निवृत्त शिक्षक किंवा बँकेतील कारकून दरमहा ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात टाकतो. त्या फंडाच्या यादीत गूगलची पालक कंपनी अल्फाबेट, मायक्रोसॉफ्ट किंवा मेटा यांची नावे असू शकतात. पराग पारीख यांच्या संस्थेच्या फ्लेक्झी कॅप योजनेने अल्फाबेटचे समभाग अनेक वर्षे बाळगले आहेत. अमेरिकेतील नॅस्डॅक निर्देशांकावर आधारलेल्या योजनाही भारतात २०११ पासून उपलब्ध आहेत. दरमहा हप्त्याने होणारी देशातील गुंतवणूक ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रथमच २५ हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली. त्यातील परदेशी समभागांचा वाटा लहान आहे, आणि रिझर्व्ह बँकेने अशा गुंतवणुकीवर घातलेल्या सात अब्ज डॉलरच्या मर्यादेमुळे तो लहानच राहिला आहे. तथापि संबंध जडला आहे, हे नाकारता येणार नाही.

हाच माणूस खिशात अँड्रॉइडचा फोन बाळगतो. त्याचा मुलगा अप्पर इंदिरानगरातील विश्वकर्मा तंत्रज्ञान संस्थेत शिकत असेल आणि एखादे उपयुक्त ॲप तयार करून विकण्याचे मनोरथ रचत असेल, तर त्याला गूगलच्या प्ले स्टोअरच्या दारावरूनच जावे लागते. म्हणजे एकाच घरात कंपनीचा अंशतः मालक, तिचा ग्राहक आणि तिच्या अटींवर धंदा करू पाहणारा लहान उद्योजक असे तिघे नांदतात. मक्तेदारीच्या निकालांवर होणाऱ्या अपिलांचा भागधारकांवर काय परिणाम होईल, हा प्रश्न म्हणूनच या तिघांचा एकत्र हिशेब मांडल्याखेरीज सुटत नाही.

प्रथम भारतातील प्रकरणाकडे पाहू. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइड प्रणालीच्या बाबतीत वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. पाच दिवसांनी प्ले स्टोअरमधील देयक पद्धतीबद्दल ९३६.४४ कोटींचा दुसरा दंड झाला. आकडे डोळे दिपविणारे होते. परंतु अल्फाबेटचा २०२२ सालचा निव्वळ नफा सुमारे ६० अब्ज डॉलर होता. त्याला वर्षाच्या दिवसांनी भागले, तर पहिला दंड साधारणपणे एका दिवसाच्या नफ्याएवढा भरतो. एका दिवसाची कमाई गेल्याने कोणत्याही भागधारकाची झोप उडत नाही. तसे होते, तर मग देशातील नामांकित वकील उभे करून कंपनीने अपिलाचा एवढा खटाटोप का केला?

याचे उत्तर निकालाच्या दुसऱ्या भागात आहे. आयोगाने केवळ दंड केला नव्हता, तर धंद्याची रीत बदलण्याचे दहा आदेशही दिले होते. फोन तयार करणाऱ्या कंपन्यांवर गूगलची सर्व ॲपे एकत्र लादू नयेत, शोधयंत्राची निवड वापरणाऱ्याला करू द्यावी, आधीपासून बसविलेली ॲपे काढून टाकण्याची मुभा द्यावी, इतरांची ॲप-दुकाने प्ले स्टोअरमधून मिळू द्यावीत, असे त्यांचे स्वरूप होते. कंपनी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे गेली. जानेवारी २०२३ मध्ये न्यायाधिकरणाने तातडीची स्थगिती नाकारून दंडाची दहा टक्के रक्कम भरण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयानेही १९ जानेवारीला हस्तक्षेप करण्याचे नाकारले. कंपनीला काही बदल जाहीर करावे लागले. मात्र २९ मार्च २०२३ रोजी अपिलाचा अंतिम निकाल लागला, तेव्हा न्यायाधिकरणाने दंड पूर्णपणे कायम ठेवला आणि दहांपैकी चार आदेश रद्द केले. इतरांची ॲप-दुकाने प्ले स्टोअरमध्ये घेणे, आधी बसविलेली ॲपे काढू देणे, प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप उतरवून घेण्यावर निर्बंध न घालणे आणि प्ले सेवांचे तांत्रिक दुवे इतरांना खुले करणे, हे ते चार आदेश होत.

वरवर पाहता कंपनी हरली, कारण दंडातला एक रुपयाही कमी झाला नाही. भागधारकाच्या दृष्टीने मात्र ती बरेच काही जिंकली. दंड एकदाच भरावयाचा असतो. धंद्याच्या रीतीत केलेला बदल दर वर्षीच्या उत्पन्नावर परिणाम करतो. अपिलात जे चार आदेश गळाले, ते नेमके त्या दीर्घ परिणामाचे होते. प्ले स्टोअरच्या प्रकरणात तर २८ मार्च २०२५ रोजी न्यायाधिकरणाने दंडच ९३६.४४ कोटींवरून २१६.६९ कोटींवर आणला. २०२४ च्या नफ्याच्या मानाने ही रक्कम कंपनीच्या दोन-सव्वादोन तासांच्या कमाईइतकी होते.

दंडाविषयी आणखी एक गोष्ट सामान्य गुंतवणूकदाराच्या ध्यानात येत नाही. मोठ्या कंपन्या असा दंड बहुधा तो होताच हिशेबात धरतात. युरोपीय आयोगाने जून २०१७ मध्ये वस्तूंच्या तुलनात्मक शोधाबद्दल गूगलला २.४२ अब्ज युरोंचा दंड केला, तेव्हा अल्फाबेटने त्याच तिमाहीत ती रक्कम खर्ची टाकली आणि त्या तिमाहीचा नफा चौथ्या हिश्श्याहून अधिक घटला. पुढे अपिलावर अपील होत युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने १० सप्टेंबर २०२४ रोजी तो दंड कायम केला. त्या दिवशी भागधारकांना नवीन असा धक्का बसण्याचे कारण नव्हते; तो सात वर्षांपूर्वीच पचविलेला होता. याउलट, जाहिरातींच्या दुसऱ्या एका प्रकरणातील १.४९ अब्ज युरोंचा दंड त्याच महिन्यात युरोपीय न्यायालयाने रद्द केला. खर्ची टाकलेली रक्कम परत मिळाली, तर तो भागधारकाचा निव्वळ लाभ ठरतो. दंडावरील अपील हे असे, की हरल्यास नवे फारसे काही जात नाही आणि जिंकल्यास पदरात काही पडते. कंपन्या सहसा शेवटच्या पायरीपर्यंत का लढतात, याचा उलगडा येथे होतो.

अमेरिकेतील प्रकरणाने हाच धडा मोठ्या प्रमाणावर दिला. गुजरातमधील पाटण येथे जन्मलेले, वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी गूगलने शोधयंत्राच्या क्षेत्रात बेकायदेशीर मक्तेदारी टिकवली असा निर्णय दिला. फोनवर आणि ब्राउझरमध्ये आपलेच शोधयंत्र आधीपासून बसलेले असावे, यासाठी कंपनीने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले होते, हे त्या खटल्यात उघड झाले. सरकारने क्रोम ब्राउझर विकावयास लावण्याची मागणी केली. वर्षभर भागधारकांच्या डोक्यावर ही टांगती तलवार राहिली. २ सप्टेंबर २०२५ रोजी उपाययोजनेचा निकाल लागला. त्यानुसार क्रोम विकावे लागणार नाही. एकाधिकाराचे करार करता येणार नाहीत, पण पैसे मोजण्याची मुभा राहील. आणि शोधविषयक काही माहिती पात्र स्पर्धकांना द्यावी लागेल. दुसऱ्या दिवशी अल्फाबेटचा समभाग सुमारे नऊ टक्क्यांनी वधारला आणि कंपनीच्या बाजारमूल्यात दोनशे अब्ज डॉलरहून अधिक भर पडली. मक्तेदार म्हणून दोषी ठरलेल्या कंपनीचे मूल्य उपाययोजनेच्या निकालाने एका दिवसात एवढे वाढावे, यातच सर्व काही आले. बाजाराला चिंता दोषाची नव्हती, उपायाची होती. २०२६ च्या आरंभी प्रथम गूगलने आणि नंतर सरकारपक्षानेही वरच्या न्यायालयाची वाट धरली. एकाला दोषाचा ठपका पुसावयाचा आहे, दुसऱ्याला उपाय अधिक कडक हवा आहे. भागधारकाने डोळा ठेवावयाचा तो या दुसऱ्या अपिलावर, कारण अधिक कडक उपायाचा धोका तेवढा तेथेच शिल्लक आहे.

अधिक कडक उपाय म्हणजे कंपनीचे विभाजन. या शब्दाची भागधारकांना मोठी धास्ती वाटते. इतिहास मात्र तिला सरसकट दुजोरा देत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइल या तेलसम्राज्ञीचे विभाजन कायम केले आणि तिच्या ३४ कंपन्या झाल्या. जॉन रॉकफेलर यांच्याजवळ त्या सर्वांचे समभाग आले. त्यांची किंमत वाढत गेली आणि विभाजनानंतर रॉकफेलर पूर्वीहून अधिक श्रीमंत झाले. एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीवर १९७४ मध्ये खटला झाला, १९८२ मध्ये तडजोड झाली आणि १ जानेवारी १९८४ रोजी तिच्या स्थानिक सेवेच्या सात स्वतंत्र कंपन्या झाल्या. ज्याच्याजवळ मूळ कंपनीचे दहा समभाग होते, त्याचे दहा समभाग राहिलेच, शिवाय सातही नव्या कंपन्यांचा एकेक समभाग त्याला मिळाला. मालमत्ता नष्ट होत नाही, तिची वाटणी होते. एकत्र कुटुंबाच्या वाटण्या पाहिलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगावयास नको. वाटणीनंतर काही भाऊ पुढे जातात, काही मागे पडतात, पण जमीन तेवढीच राहते.

मायक्रोसॉफ्टचा अनुभव थोडा निराळा आहे आणि तोही पाहिला पाहिजे. ३ एप्रिल २००० रोजी कंपनीने मक्तेदारीचा कायदा मोडला असा निर्णय न्यायालयाने दिला, तेव्हा एका दिवसात तिचा समभाग सुमारे १५ टक्के घसरला. जूनमध्ये तिचे दोन तुकडे करण्याचा आदेश निघाला. एका वर्षाने, २८ जून २००१ रोजी, अपील न्यायालयाने दोषाचा मोठा भाग कायम ठेवून विभाजनाचा आदेश रद्द केला आणि नंतर तडजोड झाली. अपील जिंकले, कंपनी अखंड राहिली; तरीही १९९९ च्या अखेरीस समभागाने गाठलेली उंची पुन्हा दिसावयास २०१६ साल उजाडले. याला त्या काळी फुटलेला संगणकक्षेत्राचा फुगा मुख्यतः कारण होता, खटला एकटा नव्हे. परंतु न्यायालयाच्या देखरेखीखाली सावधपणे वागणाऱ्या त्या कंपनीच्या शेजारीच १९९८ मध्ये स्थापन झालेली गूगल वाढली, हे लक्षणीय आहे. अपिलात कंपनी वाचणे आणि तिचे वर्चस्व वाचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भागधारकाने पहिलीवर समाधान मानले, तर त्याची फसगत होऊ शकते.

येथवरचा हिशेब केवळ एका कंपनीच्या भागधारकाचा झाला. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही भागधारक बसले आहेत. ‘मराठी मॅट्रिमोनी’सारखी विवाहस्थळे चालविणारी मॅट्रिमोनी डॉट कॉम ही भारतीय शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. गूगलच्या शोधयंत्रातील पक्षपाताविरुद्धची तिची तक्रार २०१२ मधील. आयोगाचा निकाल ८ फेब्रुवारी २०१८ रोजी, म्हणजे सहा वर्षांनी लागला आणि १३५.८६ कोटींचा दंड झाला. त्यावरही अपील झाले. पुढे प्ले स्टोअरच्या शुल्कावरून वाद चिघळला. १ मार्च २०२४ रोजी गूगलने मॅट्रिमोनी, तसेच नोकरी आणि जीवनसाथी ही स्थळे चालविणारी इन्फो एज, यांसह काही भारतीय कंपन्यांची ॲपे आपल्या दुकानातून काढून टाकली. त्याच दिवशी या दोन्ही कंपन्यांचे समभाग घसरले. केंद्र सरकारने लक्ष घातल्यावर काही दिवसांत ॲपे परत आली. तथापि एका दुकानदाराने फळी ओढली की भारतीय गुंतवणूकदाराच्या मालमत्तेची किंमत त्याच दिवशी कमी होते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. आयोगाच्या आदेशानंतर भारतात पर्यायी देयक पद्धत वापरणाऱ्यांना गूगलने चार टक्क्यांची सूट देऊ केली. म्हणजे १५ ते ३० टक्क्यांचे शुल्क ११ ते २६ टक्क्यांवर आले. मार्केट यार्डातल्या अडतीविषयी पिढ्यान्‌पिढ्या तक्रार करीत आलेल्या पुणेकराने या आकड्यांकडे क्षणभर पाहावे.

अपिलाची खरी किंमत येथे दिसते. स्थगिती मिळो वा न मिळो, निकालाला लागणारी वर्षे ही कंपनीच्या दृष्टीने जुन्या रीतीने कमाई करण्याची वर्षे असतात. ती कमाई भागधारकाच्या पदरात पडते. पण तीच रक्कम कोठून तरी आलेली असते. ती लहान उद्योजकाने भरलेल्या शुल्कातून, जाहिरातदाराने वस्तूच्या किमतीत मिळविलेल्या खर्चातून आणि अखेरीस ग्राहकाच्या खिशातून आलेली असते. बिबवेवाडीतील त्या गुंतवणूकदाराच्या फंडात अल्फाबेटचा हिस्सा शंभरात चार-पाच रुपयांचा आहे असे धरले, तरी त्याचा उरलेला पैसा भारतीय कंपन्यांत आहे आणि त्याचा सारा संसार ग्राहक म्हणून चालतो. लांबलेल्या अपिलाचा लाभ त्याला चिमटीने मिळतो, आणि हानी ओंजळीने होते.

तेव्हा सरकारने कठोर व्हावे एवढेच सांगून भागेल काय? पुणेकरांजवळ याचाही अनुभव आहे. १ जून १९७० पासून अंमलात आलेला मक्तेदारीविरोधी कायदा मुख्यतः कंपनीच्या आकाराकडे पाहत असे. २० कोटी रुपयांहून अधिक मालमत्ता असलेल्या उद्योगसमूहाला विस्तारासाठी दिल्लीची परवानगी लागे. ही मर्यादा १९८५ मध्ये १०० कोटींवर नेण्यात आली. आकुर्डीला बजाजचा कारखाना असताना त्याच पुण्यातल्या माणसाला स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. उत्पादन वाढविण्यावर निर्बंध घालून मक्तेदारी मोडत नाही, उलट तुटवड्याने ती पक्की होते, हे त्या काळाने शिकविले. १९९१ मध्ये पूर्वपरवानगीचे कलम गेले आणि १ सप्टेंबर २००९ रोजी तो कायदाच रद्द झाला. आजचा २००२ चा स्पर्धा कायदा मोठेपणाला गुन्हा मानत नाही. मोठेपणाच्या गैरवापराला मानतो. हा फरक भागधारकाच्याही हिताचा आहे, कारण चांगल्या वस्तूच्या बळावर वाढलेल्या कंपनीला त्यात भय नाही.

या कायद्याला २०२३ च्या दुरुस्तीने नवी धार आली. पूर्वी दंड संबंधित वस्तूच्या उलाढालीपुरता मोजावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एक्सेल क्रॉप केअरच्या प्रकरणात ठरविले होते. आता मार्च २०२४ पासून जागतिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड करता येतो, आणि अपील करावयाचे तर दंडाच्या २५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. ॲपल कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात या तरतुदीला आव्हान दिले. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिच्यावरील दंड ३८ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकतो. असा दंड दोन तासांच्या नफ्याचा उरत नाही. तो महिन्यांच्या नफ्याचा होतो. भारतातील स्पर्धाविषयक निकाल परदेशी भागधारकाने प्रथमच गंभीरपणे वाचावा, अशी ही स्थिती आहे.

तथापि दंड कितीही मोठा केला, तरी तो शेवटी भागधारकच भरतो, निर्णय घेणारे अधिकारी नव्हेत. आणि अल्फाबेटसारख्या कंपनीत सामान्य भागधारकाला त्या निर्णयात आवाज नाही. तेथे एका प्रकारच्या समभागाला दहा मते, दुसऱ्याला एक आणि तिसऱ्याला एकही नाही, अशी व्यवस्था आहे; बहुसंख्य मते लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन या दोन संस्थापकांच्या हाती आहेत. ज्याने गुन्हा ठरविला नाही त्याने दंड भरावा, आणि ज्याची हानी झाली त्या उद्योजकाला दशकभर दाद मिळू नये, असा हा दुहेरी अन्याय आहे. त्यावर उपाय दंडाचे शून्य वाढविणे हा नसून निकालाची वर्षे कमी करणे हा आहे. आयोगाचा तपास आणि न्यायाधिकरणाचे अपील यांना कालमर्यादा घालावी, त्या पाळता येतील इतके सदस्य नेमावेत, आणि वर्तन सुधारण्याचे आदेश सबळ कारणाखेरीज अपिलाच्या काळात स्थगित होऊ नयेत. एवढे झाले, तर ग्राहकाला वेळेवर दाद मिळेल, लहान उद्योजकाला आपले दुकान मांडता येईल, आणि भागधारकालाही आपल्या समभागाची किंमत न्यायालयाच्या तारखांवरून नव्हे, कंपनीच्या कामावरून ठरविता येईल.

तोवर फंडाचे मासिक पत्रक हाती आले असता अपिलाच्या बातमीने घाबरून जाण्याचे किंवा हुरळून जाण्याचे कारण नाही. दंडाचा आकडा बाजूला ठेवून, धंद्याची कोणती रीत बदलावी लागणार आणि ती केव्हापासून, एवढेच दोन प्रश्न त्या बातमीला विचारावेत. या प्रश्नांची उत्तरे जितकी लवकर मिळतील, तितके ते गुंतवणूकदाराच्या, ग्राहकाच्या आणि उद्या स्वतःचे काही उभे करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हिताचे ठरेल.